जोडप्यासमोर बसण्याआधी : एम.ए.नंतरचं कपल आणि फॅमिली थेरपीचं प्रशिक्षण, टप्प्याटप्प्याने

दर वर्षी जून उजाडला की मला एका ठरावीक प्रकारचे फोन येऊ लागतात. "मॅडम, सायकॉलॉजीत एम.ए. झालं, कपल थेरपीचा ऑनलाइन कोर्सही केला. तीन जोडपी बघतेय, एका केसमध्ये जरा अडकलेय. सुपरव्हिजन द्याल का?" सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी थेरपिस्टने आपल्या कामावर ठेवलेली नियमित देखरेख. अडकणं साहजिक आहे. घोटाळा क्रमात आहे. आधी कोर्स, मग क्लायंट, आणि पाणी गळ्याशी आलं की सुपरवायझर.

हा लेख मानसशास्त्र, समाजकार्य किंवा मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी आहे. एकेकट्या क्लायंटबरोबर तुम्ही थोडंफार काम केलं आहे, हे गृहीत धरलंय. ते केलं नसेल तर आधी ते करा. दोन माणसं एकमेकांवर ओरडत असताना शांत बसायचं, तर एक माणूस रडत असताना शांत बसता आलं पाहिजे.

टप्पा १ : पाटीवर काय लिहिणार, ते ठरवा

भारतात कपल किंवा फॅमिली थेरपिस्टसाठी स्वतंत्र परवाना नाही. म्हणजे कोणीही काहीही करावं असं नव्हे. तुमची ओळख तुमच्या मूळ पेशावरून ठरते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेली पात्रता आणि तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव हवं. त्याशिवाय ही पाटी लावणं १९९२च्या आरसीआय कायद्यानुसार गुन्हा आहे. एम.फिल.च्या जागी नवे अभ्यासक्रम येत असल्याने सीनियरने सांगितलेल्या वाटेवर विसंबू नका, प्रवेशाच्या वर्षीचा नियम स्वतः वाचा. बाकीचे मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि मनोसामाजिक कार्यकर्ते २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या कक्षेत येतात. दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्राची पदवी घ्यायचा विचार असेल तर तो सोडा. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने त्याला मनाई केली आहे.

तपासा : तुमच्या व्हिजिटिंग कार्डावरचा प्रत्येक शब्द कागदपत्राने सिद्ध करता येतो का? "सर्टिफाइड" हा शब्द असेल तर कोणी सर्टिफाय केलं?

टप्पा २ : आधी सुपरवायझर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबतेय.

कोर्सची फी भरण्याआधी सुपरवायझर शोधा. तुमच्या तालुक्यात कोणी नसेल तर व्हिडिओवर चालेल, पण माणूस ठरलेला हवा आणि वेळ ठरलेली हवी. "लागलं तर फोन कर" म्हणजे सुपरव्हिजन नव्हे, तो शेजारधर्म झाला. पहिल्या भेटीत पुढचे प्रश्न संकोच न करता विचारा :

तुमचं स्वतःचं फॅमिली थेरपीचं प्रशिक्षण कुठे झालं, आणि तुमचं काम कोणी पाहिलं होतं?

तुम्ही माझं काम प्रत्यक्ष बघणार, रेकॉर्डिंग ऐकणार, की मी सांगेन तेवढंच ऐकणार?

गटात किती जण असतील, आणि माझी केस महिन्यातून किती वेळा येईल?

सेशनमध्ये कोणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली, तर त्याच संध्याकाळी मी तुम्हाला गाठू शकेन का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "तू सांगशील ते ऐकेन" एवढंच असेल तर दुसरा सुपरवायझर बघा. कारण साधं आहे. जोडप्याच्या सेशनमध्ये तुम्ही कोणाकडे मान वळवून बसलात, हे तुम्हाला कळत नाही. सांगताना तुम्ही खोटं बोलत नसता. तुम्हाला दिसलेलंच नसतं, मग सांगणार काय?

प्रमाणाबद्दल माझा नियम असा : पहिल्या सहा महिन्यांत जोडप्यांच्या दर दोन-तीन सेशनमागे सुपरव्हिजनचा एक तास. महाग पडतं, मान्य. दोन जोडपी कमी बघा.

सावध : ज्यांच्या क्लिनिकमध्ये तुम्ही पगारावर आहात, त्यांनाच एकमेव सुपरवायझर करू नका. जोडपं गळालं तर त्यांची फी बुडते आणि तुम्ही चूक लपवता. तुमची स्वतःची थेरपिस्टही तुमची सुपरवायझर होऊ शकत नाही.

टप्पा ३ : कोर्स आणि प्लेसमेंट

माहितीपत्रकातले एकूण तास बघू नका. चार आकडे मागा : व्याख्यानांचे तास, रोल-प्लेचे तास, दुसऱ्याचं सेशन बघण्याचे तास, आणि तुमचं सेशन दुसऱ्याने बघण्याचे तास. चौथा आकडा शून्य असेल तर तो वाचनाचा कोर्स आहे. वाचन वाईट नाही, फक्त त्याला क्लिनिकल प्रशिक्षण म्हणू नका.

पहिली दोन वर्षं एकाच पद्धतीला धरून राहा. स्ट्रक्चरल (घरातली रचना आणि सीमा बघणारी) म्हणजे स्ट्रक्चरल, इमोशनली फोकस्ड (भावना आणि जवळीक यांवर काम करणारी) म्हणजे तेच. सोमवारी एक, गुरुवारी दुसरी, असं करणाऱ्या प्रशिक्षणार्थ्यांकडे तंत्रांची पोतडी असते, पण पुढचं वाक्य का बोलायचं ते माहीत नसतं.

प्लेसमेंटसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी, रुग्णालयाचा मानसोपचार विभाग सगळ्यात चांगला. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये फॅमिली सायकिअॅट्री सेंटर आहे, तिथे कुटुंब एकत्र राहून उपचार घेतं. तिथे संधी मिळाली तर सोडू नका. महाराष्ट्रात पोलिसांच्या यंत्रणेतून चालणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबईत हे काम सुरू केलं. तिथलं काम हिंसा सोसणाऱ्या बाईच्या बाजूने उभं राहण्याचं आहे, कपल थेरपीचं नाही. म्हणूनच तिथे थोडे दिवस घालवा. कोणत्या जोडप्याला एकत्र बसवायचं नाही, हे तिथे लवकर कळतं. कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक समेटाचं काम करतात, आणि त्यांच्यामागे चालू खटला असतो. ते पाहून तोच साचा आपल्या खोलीत आणू नका.

टप्पा ४ : स्वतःचा जेनोग्राम, आणि तोही सुपरवायझरसमोर

जेनोग्राम म्हणजे कुटुंबातली माणसं आणि त्यांची नाती खुणांनी दाखवणारा नकाशा. क्लायंटचा काढण्याआधी तुमचा. तीन पिढ्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, मृत व्यक्तीवर फुली. लग्नाची रेघ, वेगळं राहत असतील तर तिच्यावर एक तिरकी काट, घटस्फोट असेल तर दोन. ताणाच्या नात्याला नागमोडी रेघ, फार गुंतलेल्या नात्याला तीन समांतर रेघा. एका घरात राहणाऱ्यांभोवती तुटक कुंपण.

हे अर्ध्या तासात होत नाही. आत्याला फोन करा, मामाला विचारा. कोणाशी बोलणं बंद आहे आणि कधीपासून? कोणाचं नाव घरात घेतलं जात नाही? मोठं भांडण झालं की कोण मध्ये पडायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "मी" असेल, आणि आपल्या पेशात ते बहुतेकांचं असतं, तर पुढची दोन वर्षं तेच तुमचं काम आहे. लहानपणी आईबाबांच्या भांडणात पंच झालेलं मूल मोठेपणी खुर्चीत बसूनही शिट्टीच फुंकतं.

तपासा : सासूची बाजू ऐकताना तुमचा जबडा आवळतो का? वडिलांच्या वयाचा माणूस चढ्या आवाजात बोलला की तुम्ही वहीत बघता का? उत्तर लिहून ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

टप्पा ५ : शब्दांची तयारी

शिक्षण इंग्रजीतून झालेलं असतं आणि समोरचं जोडपं मराठीतून भांडतं. प्रशिक्षणार्थी मग "तुमच्या भावना व्यक्त करा" असलं पाठ्यपुस्तकी मराठी बोलतात, आणि समोरचे काका गप्प होतात. खरं तर आपल्याकडे शब्दांची ददात नाही. अबोला, धुसफूस, टोमणा, घुसमट, मन उठणं, हात आखडता घेणं. ‘अबोला’ या एका शब्दात अख्खा पॅटर्न आहे : कोणी धरला, किती दिवस चालला, कोणी सोडला, आणि त्या दिवसांत निरोप पोचवायला मुलाला मध्ये घातलं का. यातला एकेक प्रश्न वेगळा विचारा.

फिरवून विचारण्याचा सराव मराठीतच करा. "तुम्हाला काय वाटतं?" याऐवजी : "आई जेवणावरून उठून गेली की घरात सगळ्यात आधी कोण अस्वस्थ होतं?" "बाबा गप्प झाले की दादा काय करतो?" एकाला दुसऱ्या दोघांबद्दल विचारलं की माहितीही मिळते आणि दोषारोपांना वाटही कमी उरते.

आणखी दोन वाक्यांची उत्तरं आधीच तयार ठेवा. पहिलं : "तुमचं लग्न झालंय का?" लाजू नका, चिडू नका, आत्मचरित्रही सांगू नका. मी असं सांगते : "मी तुमचं समजून घेऊ शकेन की नाही, अशी शंका असेल तर ती रास्त आहे. मला कळत नाहीये असं वाटेल तिथे मला थांबवा." नंतर थेट माहिती द्यायची की नाही, ते सुपरवायझरशी ठरवा. दुसरं : "ताई, आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची?" इथे सांगितलंत की संपलं. एक जण जिंकून जातो, दुसरा पुढच्या वेळी येत नाही.

टप्पा ६ : बघणं

एकतर्फी काचेमागून, कॅमेऱ्यावर किंवा खोलीच्या कोपऱ्यात बसून किमान दहा सेशन बघा, अर्थात कुटुंबाच्या परवानगीने. पहिल्या पाच सेशनना एकही निष्कर्ष लिहायचा नाही. फक्त क्रम : तो बोलला, तिने पदर सारखा केला, सासूबाई म्हणाल्या "जाऊ दे", तो थांबला. ‘डॉमिनेटिंग’, ‘टॉक्सिक’, ‘नार्सिसिस्ट’ हे शब्द वहीत दिसले की मी पान परत करते. विशेषणं लिहायला लागलात की क्रम दिसेनासा होतो, आणि आपल्याला बदलायचा असतो तो क्रमच.

टप्पा ७ : पहिलं जोडपं येण्याआधीची कागदपत्रं आणि करार

आता स्वतःची गोष्ट सांगते. प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी एका नवऱ्याचा फोन आला. बायकोला न सांगता काढलेल्या मोठ्या कर्जाबद्दल तो बोलला आणि शेवटी म्हणाला, "हे तिला कळता कामा नये हं, मॅडम." मी "बरं" म्हणाले. त्या एका शब्दाने पुढची चार सेशन वाया गेली. ती पैशांचा विषय काढायची आणि मी दुसरीकडे वळवायचे. पाचव्या वेळी तिने मला विचारलं, "तुम्हाला आधीच माहीत होतं ना?" ते जोडपं पुन्हा आलं नाही.

म्हणून गुपितांचा नियम पहिल्या फोनवर तोंडी आणि पहिल्या भेटीत लेखी सांगा. साधारण असा : "तुमच्यापैकी कोणी एकट्याने मला फोन केला, मेसेज केला किंवा काही सांगितलं, तर उपचारासाठी गरजेचं वाटल्यास ते एकत्र सेशनमध्ये आणायला मी मदत करेन. ते आणायचं नसेल आणि त्यावाचून काम पुढे जात नसेल, तर मी एकत्र सेशन थांबवीन, पण कारण दुसऱ्याला सांगणार नाही." काही सुपरवायझर याहून कडक किंवा सैल नियम ठेवतात. कोणता ठेवावा यावर मतभेद असू शकतात, पण नियम नसणं ही चूकच.

संमतिपत्र दोघांचं, दोन सह्यांचं. त्यात स्पष्ट लिहा : तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात, सुपरवायझर कोण आहे, आणि गोपनीयता कुठे संपते. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार कळवणं बंधनकारक आहे. फॅमिली सेशनमध्ये हे आधी सांगितलेलं नसलं तर नंतर तो विश्वासघात वाटतो. न्यायालयाने नोंदी मागवल्या तर वकिलाला असतं तसं संरक्षण भारतात थेरपिस्टला नाही, हेही सांगा. रेकॉर्डिंगची संमती वेगळ्या कागदावर घ्या, त्यात पुसण्याची तारीख हवी. रेकॉर्डिंग सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर पाठवायचं नाही. हे दर बॅचला सांगते आणि दर बॅचमध्ये कोणीतरी पाठवतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या एकत्र भेटीनंतर दोघांना वेगवेगळं भेटा, प्रत्येक जोडप्याला, अपवाद न करता. हिंसेची चौकशी फक्त तिथे करायची. जोडीदारासमोर विचारलंत तर खरं उत्तर मिळणार नाही, आणि मिळालंच तर त्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजेल. प्रश्न साधे ठेवा : वाद वाढला की पुढे काय होतं? कधी हात उचलला गेलाय, वस्तू फेकल्या गेल्यात? तुमचा फोन, पैसे, माहेरी जाणं यावर कोणाची नजर असते? इथे बोललेल्याचा घरी हिशोब मागितला जाईल का? पुरुषालाही हेच प्रश्न.

भीती दिसली तर एकत्र सेशन नाहीत. पण "तिने मला सांगितलं म्हणून बंद करतेय" असं कळलं तर तिचाच जीव धोक्यात येतो. म्हणूनच पहिल्या फोनवर सगळ्यांना सांगून ठेवायचं : "मी आधी एकदा एकत्र, मग एकेकट्याला भेटते. त्यानंतर काम कसं करायचं ते मी ठरवते." मग एकेकट्याचं काम सुचवलंत तरी कोणाकडे बोट जात नाही. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६, आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या तुमच्या जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर टेबलाच्या खणात ठेवा. हे कागद तिच्या पर्समध्ये देऊ नका. लक्षात ठेवता येईल का, ते विचारा.

तपासा : रेकॉर्डिंगची संमती नाकारली तरी उपचार मिळतील, असं लिहिलंय का?

टप्पा ८ : पहिलं सेशन

दीड तास ठेवा. पन्नास मिनिटांत दोन माणसं नीट बसतही नाहीत, आणि आपल्याकडे दोन म्हणता म्हणता तीन येतात. मुलाची आई बरोबर आली तर तिला बाहेरच्या बाकावर तासभर ताटकळत ठेवू नका आणि थेट आतही घेऊ नका. दोघांना विचारा, मग पाच मिनिटं तिघांशी बोला : "काकू, तुम्ही काळजीपोटी आलात. आज मी या दोघांशी बोलते. तुमची गरज लागली तर तुम्हाला बोलवेन." काकूंचा मान राखला तर त्या पुढे अडसर होत नाहीत.

कोण कुठे बसतं ते त्यांना ठरवू द्या आणि टिपून ठेवा. दोघांकडूनही अडचण त्यांच्या शब्दांत ऐका, वेळ साधारण सारखा द्या. घड्याळ बघा, कारण अंदाज हमखास चुकतो. एकाने दुसऱ्याचं बोलणं तोडलं तर पहिल्याच वेळी थांबवा. चौथ्या वेळी थांबवलं तर ते शिक्षा वाटतं. मग नुकत्याच झालेल्या एका भांडणाची सुरुवातीपासून शेवटपर्यंत उजळणी करा. एकच भांडण. लग्नापासूनचा इतिहास नको, तो काढलात तर दीड तास पुरत नाही.

नेहमीची चूक : शेवटच्या दहा मिनिटांत सल्ला देणं. "आठवड्यातून एकदा बाहेर जेवायला जा" हे सांगायला तुमची गरज नव्हती.

टप्पा ९ : सुपरव्हिजनला काय न्यायचं

पूर्ण सेशन नको, दहा मिनिटं न्या. त्यातली पाच तुम्हाला जमली असं वाटतं ती, पाच जिथे तुम्ही हरवलात ती. हरवलेल्या तुकड्याचं शब्दशः लेखन करा, त्यात थांबे आणि तुमचे "हं हं" सुद्धा. ते लिहितानाच अर्धं उमगतं. बरोबर एक प्रश्न न्या, आणि तो तुमच्याबद्दल असावा. "या नवऱ्याचं काय करायचं?" हा प्रश्न चालत नाही. "तो मोठ्याने बोलला की मी तिच्याकडे वळते, हे कसं थांबवू?" असा हवा.

जेनोग्रामची एक प्रत आणि मागच्या सुपरव्हिजनमध्ये ठरलेलं काय केलं, काय नाही, याची दोन ओळींची नोंद पुरे. केलं नसेल तर का नाही, ते सांगा. सुपरवायझरचं म्हणणं पटलं नसेल तर तेही.

टप्पा १० : तासांची वही, आणि केस सोपवणं

वही पहिल्या दिवसापासून ठेवा. मागाहून आठवून भरलेली वही मला पहिल्या पानावरच ओळखू येते, सगळी सेशन बरोबर साठ मिनिटांची असतात. रकाने : तारीख, सांकेतिक क्रमांक (नाव नाही), खोलीत कोण होतं, मिनिटं, रेकॉर्ड झालं का, त्यावर सुपरव्हिजन कधी झालं. एकट्याशी नवऱ्याबद्दल तासभर बोललात तर तो वैयक्तिक तास, नात्याच्या कामाचा नव्हे.

पुढे अमेरिकेत जायचं असेल तर ही वही जास्तच काटेकोर ठेवा. तिथल्या सीओएएमएफटीईच्या, म्हणजे कपल-फॅमिली थेरपीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, १२.५ क्रमांकाच्या मानकांत विद्यार्थ्याचे क्लायंटबरोबर किमान ३०० तास, त्यांपैकी १०० एकाहून जास्त माणसांबरोबरचे, आणि सुपरव्हिजनचे १०० तास, त्यांतले ५० प्रत्यक्ष पाहिलेल्या किंवा रेकॉर्ड केलेल्या कामावरचे अशी अट आहे. इथले तास तिथे आपोआप धरले जात नाहीत, प्रत्येक राज्याचं परवाना मंडळ स्वतः ठरवतं. पण हे प्रमाण आपल्यालाही मोजपट्टी म्हणून चांगलं आहे.

प्लेसमेंट संपायच्या सहा आठवडे आधी प्रत्येक जोडप्याला तारीख सांगा. शेवटच्या दिवशी सांगू नका. पुढे काम चालू ठेवायचं असेल तर नव्या थेरपिस्टबरोबर एक सेशन एकत्र घ्या, आणि गुपितांचा नियम तिने तिच्या तोंडून पुन्हा सांगावा, कारण दोघींचे नियम वेगळे असू शकतात. फाइल संस्थेत राहते, घरी न्यायची नाही. रेकॉर्डिंग पुसल्याची तारीख वहीत लिहा, त्याखाली सुपरवायझरची सही घ्या, आणि जोडप्याने विचारलं तर ते पान दाखवा.